आधी दालन, मग टेकाड: चंदीगडच्या मुक्कामात उत्खननस्थळं कशी पाहावीत

‘दोनशे किलोमीटर गाडी हाणून राखीगढीला गेलो आणि बघितलं काय, तर गोवऱ्या!’ उत्तरेच्या सहलीवरून परतलेल्या वाचकांचं हे वाक्य थोड्याफार फरकानं नेहमी कानावर येतं. त्याच्या मागोमाग प्रश्न येतात. आत जायला परवानगी लागते का? फोटो काढता येतात का? मुलानं खापराचा एक तुकडा उचलून आणलाय, आता काय करायचं? आणि गावाकडच्या वाचकांचा हमखास प्रश्न: आमच्या शेतात असंच काही निघालं, तर सरकार जमीन घेतं का?

हा लेख चंदीगडला, त्यातही चौंतीस सेक्टरच्या आसपास मुक्काम पडणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. सिमला-मनालीला जाता-येता तुम्ही इथे एखादी रात्र थांबता. कुणाचा भाऊ लष्करात असतो, कुणाची मुलगी पीजीआयमध्ये शिकत असते. कुणाला सेक्टर ३४ मधल्या पासपोर्ट कार्यालयात काम असतं आणि तारीख उद्याची मिळते. मग एक दिवस मोकळा हातात येतो. रॉक गार्डन आणि सुखना तलाव मागच्या खेपेला झालेले असतात. खिडकीतून आयईएलटीएस क्लासच्या पाट्या वाचत बसण्यापेक्षा त्या एका दिवसात चार हजार वर्षं मागे जाऊन येता येतं. फक्त क्रम चुकवू नका.

काहीच का दिसत नाही?

किल्ला बघायला जाताना बुरूज, तट, दरवाजा दिसणार हे आपण गृहीत धरतो. उत्खननस्थळाचं गणित उलटं असतं. तिथे जे मोलाचं होतं ते मोजून, चित्र काढून, क्रमांक घालून तिथून हलवलेलं असतं. उरलेल्या कच्च्या विटांच्या भिंती एका पावसाळ्यात विरघळून जातील, म्हणून काम संपल्यावर बहुतेक खड्डे मातीनं पुन्हा भरून टाकतात. म्हणजे काहीच न दिसणं हे अनेकदा नीट जपणुकीचं लक्षण असतं. जतन करून उघड्या ठेवलेल्या भिंती पाहायच्या असतील तर धोलावीराला जावं लागतं, तिथे दगडी बांधकाम आहे.

आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसाला ही गोष्ट शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळते. गावाजवळ एखादं पांढरीचं टेकाड असतं. जुनी वस्ती, राख, पडलेल्या भिंती, शेणमाती यांचे थर साचून झालेली ती पांढरी माती. काळी पिकाची, पांढरी वस्तीची, हा भेद आपल्या भाषेतच आहे. पंजाबात अशा टेकाडाला ‘थेह’ म्हणतात, हरियाणात ‘खेडा’ किंवा ‘टीला’. तुम्ही जे बघायला निघाला आहात ते हेच. दुर्दैवानं आपल्याकडे कित्येक पांढरी खतासाठी बैलगाडीनं आणि नंतर ट्रॉलीनं शेतात वाहून गेल्या.

म्हणून पहिला आणि खरं तर एकच नियम: आधी संग्रहालय, मग टेकाड. दालनात वस्तू बघून गेलात तर टेकाड बोलतं. आधी टेकाडावर गेलात तर ऊन लागतं आणि भूक लागते.

वेळ किती आहे, त्यावरून ठरवा

- अर्धा दिवस: सेक्टर १० मधलं शासकीय वस्तुसंग्रहालय व कलादालन. सोमवारी बंद. येताना सेक्टर १७.
- एक दिवस: संघोल किंवा रोपड. स्वतःची गाडी असेल आणि सकाळी आठाला निघालात तर दोन्ही.
- अर्ध्या दिवसाचा दुसरा पर्याय: पिंजोरचं भीमादेवी मंदिर, सुमारे २० किलोमीटर. सिमल्याच्या वाटेवरच आहे, त्यामुळे वेगळा दिवस काढायचं कारण नाही.
- दोन दिवस: राखीगढी. रात्रीचा मुक्काम जींद किंवा हिसारला.

सेक्टर १० मधलं संग्रहालय १९६८ मध्ये सुरू झालं, इमारत ल कॉर्ब्युझिएची. फाळणीनंतर लाहोरच्या संग्रहालयातल्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा भारताच्या वाट्याला आलेली गांधार शिल्पं इथे आहेत. ती इथल्या मातीत सापडलेली नाहीत, पण संघोलला जाण्यापूर्वी ती बघितली तर डोळा तयार होतो. गांधारचा निळसर-करडा दगड आणि ग्रीक वळणाची चुणीदार वस्त्रं लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी संघोलला मथुरेचा तांबडा दगड बघाल, तेव्हा फरक कुणी सांगावा लागणार नाही.

सेक्टर १७ चा उल्लेख मुद्दाम केला. चंदीगड म्हणजे कोऱ्या कागदावर आखलेलं शहर, असं आपण ऐकत आलो. पण हे व्यापारी केंद्र उभारताना झालेल्या खोदकामात हडप्पाकालीन दफनं आणि भांडी निघाली. आज तिथे दुकानं, बँका आणि फवारे आहेत. चौंतीस सेक्टरमधून हिमालय मार्गानं सरळ वर गेलात की तीनेक किलोमीटर. बघण्यासारखं काही शिल्लक नाही. तरी कुलचे-छोले खाताना पायाखाली काय होतं ते मुलांना सांगायला हरकत नाही.

संघोल: एका दिवसात एकच ठिकाण होणार असेल तर हे

चंदीगड-लुधियाना रस्त्यावर, खमाणोंजवळ, फतेहगढ साहिब जिल्ह्यात. अंतर सुमारे ४० किलोमीटर. गावकरी त्याला ‘उच्चा पिंड’ म्हणतात, म्हणजे उंचावरचं गाव. नावातच टेकाड आहे.

इथे १९६८ पासून पंजाब सरकारच्या पुरातत्त्व विभागानं काम केलं. फेब्रुवारी १९८५ मध्ये स्तूपाशेजारी खणताना एका खड्ड्यात कोरीव दगड लागले. ६९ खांब, ३५ आडव्या पट्ट्या आणि १३ माथ्याचे दगड, एकूण ११७. स्तूपाभोवतीचा अख्खा कठडाच होता तो, सुटा करून, एकावर एक रचून पुरलेला. दगड मथुरेचा, काळ कुषाणांचा, म्हणजे साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. कुणी तो का पुरला असेल? संकट येताना दिसलं म्हणून लपवून ठेवला असावा, असा तर्क केला जातो. पुरणारे परत आले नाहीत, म्हणून तो आपल्याला मिळाला.

संग्रहालय १९९० पासून आहे. तिथे तासभर तरी काढा. खांबांवरच्या शालभंजिका (कोरलेल्या स्त्रीमूर्ती) बघताना त्यांच्या केशरचना आणि कमरपट्टे एकेक करून बघा. आरशात बघणारी, केसांतलं पाणी पिळणारी, मूल कडेवर घेतलेली अशा त्या आहेत. बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर इतका संसार कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडला तर उत्तम. आपल्याकडे कार्ल्याच्या दारावरही जोडपी आहेतच. मग बाहेर पडून स्तूपाच्या जागी जा. विटांच्या पायाची आखणी गाडीच्या चाकासारखी आहे, आरे धरून. नुकत्याच बघितलेल्या खांबांचा कठडा मनानं त्याभोवती उभा करा. दालनातून टेकाडाकडे जायचं ते एवढ्याचसाठी.

रोपड: कुत्र्याचं थडगं आणि सतलज

चंदीगडहून सुमारे ४५ किलोमीटर. आजचं अधिकृत नाव रूपनगर, पण बसवर ‘रोपड’च ओरडतात. १९५२ ते १९५५ या काळात य. द. शर्मा यांनी इथे उत्खनन केलं. फाळणीनंतर हडप्पा आणि मोहेंजोदडो पाकिस्तानात गेले होते, त्यामुळे इकडच्या बाजूला हडप्पा संस्कृतीची वस्ती सापडणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. हडप्पाकाळापासून मध्ययुगापर्यंत वस्तीचे थर इथे एकावर एक मिळाले, मध्ये काही काळ गाव ओसही पडलं. एका दफनात माणसाच्या खाली कुत्रा पुरलेला होता. मुलांना हेच लक्षात राहतं, राहू द्या.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. शुक्रवारी बंद. सर्वेक्षणाची स्थळ-संग्रहालयं सहसा शुक्रवारी बंद असतात आणि राज्य सरकारांची बहुधा सोमवारी. प्रस्तुत लेखक एका शुक्रवारी एका कुलपाचं बारकाईनं निरीक्षण करून परत आलेला आहे. संघोलच्या सुट्टीचा वारही निघण्यापूर्वी फोन करून विचारा.

गाडी असेल तर रोपडहून चमकौर साहिब, मोरिंडा करत संघोलला उतरता येतं. दुपारचं जेवण गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये घ्या. डोकं झाका, चपला जोडाघरात ठेवा, दोन्ही हात पुढे करून पोळी घ्या आणि ताटात काही टाकू नका. नांदेडला जाऊन आलेल्यांना हे सांगायला नकोच.

राखीगढी: पुण्याची माणसं आणि गोवऱ्यांचे ढीग

हिसार जिल्ह्यातलं हे गाव. राखी खास आणि राखी शाहपूर ही दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत आणि टेकाडांचा काही भाग घरांखालीच आहे. १९९७ ते २००० मध्ये अमरेंद्र नाथ यांनी सर्वेक्षणातर्फे उत्खनन केलं. पुढच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या तुकडीनं वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली काही हंगाम काम केलं. सात क्रमांकाच्या टेकाडावर दफनभूमी आहे. तिथल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या जनुकांचा अभ्यास सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशभर वाद रंगला. २०२० च्या अर्थसंकल्पात ज्या पाच पुरातत्त्वीय स्थळांचा विकास करण्याची घोषणा झाली, त्यांत राखीगढी होती. हस्तिनापूर, शिवसागर, धोलावीरा आणि आदिचनल्लूर ही बाकीची चार.

एवढं मोठं नाव ऐकून गेल्यावर समोर गोवऱ्या दिसतात हे खरं. हरियाणवी बायका गोवऱ्यांचे शंकूसारखे ढीग रचतात, त्यांना ‘बिटोडे’ म्हणतात, आणि टेकाडाची उंच कोरडी जागा त्याला सोयीची. त्यांच्यावर नाक मुरडू नका. टेकाडावर राहणाऱ्या कुटुंबांच्या स्थलांतराचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत आहे. गावकऱ्यांच्या दृष्टीनं ‘वारसा’ या शब्दाचा अर्थ ‘घराला वीटसुद्धा लावता येत नाही’ असा होतो. अशा गावात पाहुण्यानं कॅमेरा आधी काढायचा की नमस्कार आधी करायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. चहा तिथल्याच टपरीवर प्या आणि रिक्षा तिथलीच घ्या. स्थळामुळे गावात चार पैसे येतात हे दिसलं, तर टेकाडाची राखण करायला गावच पुढे होतं. पर्यटनाचा वारशाला होणारा खरा उपयोग मला तरी एवढाच दिसतो.

गावात संग्रहालयाची इमारत आहे. तिची दालनं सध्या लोकांसाठी खुली आहेत का, याची चौकशी करूनच निघा. दिल्लीमार्गे प्रवास असेल तर राष्ट्रीय संग्रहालयाचं हडप्पा दालन आधी बघा. राखीगढीचा एक सांगाडा तिथे ठेवलेला आहे. सोमवारी तेही बंद असतं.

निघण्यापूर्वी

- बस: सेक्टर ३४ मधून दोन बसस्थानकं जवळ आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. पंजाब आणि हिमाचलच्या गाड्या सेक्टर ४३ मधून सुटतात, म्हणजे रोपड आणि संघोलसाठी ४३. हरियाणा आणि दिल्लीच्या गाड्या सेक्टर १७ मधून, म्हणजे जींद-हिसारसाठी १७. रिक्षावाल्याला नुसतं ‘बस अड्डा’ म्हणू नका, आकडा सांगा.
- हंगाम: नोव्हेंबर, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इतकं धुकं असतं की टेकाड सोडा, पुढचा ट्रकही दिसत नाही. मे-जूनमध्ये सावलीला एक झाड मिळणार नाही.
- तिकीट: संग्रहालयांचं शुल्क नाममात्र असतं. सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे.
- परदेशातून आलेली मंडळी: भाचा अमेरिकेचा नागरिक असेल, पण त्याच्याकडे ओसीआय कार्ड असेल, तर राष्ट्रीय स्मारकं आणि संग्रहालयांत त्याला भारतीयांचंच शुल्क लागू होतं. खिडकीवर परदेशी दर मागितला तर शांतपणे कार्ड दाखवा. कार्ड हॉटेलात विसरलात तर मात्र वाद घालण्यात अर्थ नाही.
- सामान: पाणी, टोपी, बंद बूट. पांढरीवर खापरं आणि काटे दोन्ही असतात.
- पुणेकरांसाठी: डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. चार पायांचा मातीचा रांजण आणि त्यात बसवलेला माणूस बघून निघालात, तर राखीगढीची दफनभूमी परकी वाटणार नाही. भेटीची वेळ आधी विचारून घ्या.

परवानगी कशाला लागते?

केंद्र-संरक्षित स्मारकात जाण्याचा जनतेला हक्क आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम १८ मध्ये तो नियमांच्या अधीन राहून दिलेला आहे. त्यामुळे निळी पाटी बघून बिचकू नका, ती मनाईची नसून माहितीची असते. मात्र पुढच्या गोष्टी वेगळ्या:

- चालू उत्खनन: खड्ड्याच्या दोरीच्या आत शिरायचं नाही. बाहेर उभं राहून बघायलाही शिबिरप्रमुखांना विचारा.
- फोटो: स्मारकांचे साधे फोटो चालतात. तिपाई, व्यावसायिक चित्रीकरण आणि ड्रोन यांना आगाऊ परवानगी लागते. चालू खड्ड्याचे आणि ताज्या सापडलेल्या वस्तूंचे फोटो न विचारता काढू नका. शोध आधी समाजमाध्यमांवर आणि नंतर अहवालात, हा क्रम कुठल्याच तुकडीला आवडत नाही. संग्रहालयात फ्लॅश बंद ठेवा.
- खासगी शेतातलं टेकाड: मालकाला विचारा. गव्हाच्या उभ्या पिकातून वाट काढणाऱ्या पर्यटकाला पंजाबचा जाट शेतकरी कायद्याचं कलम सांगत बसत नाही.

शाळेचा किंवा मंडळाचा गट नेणार असाल तर सर्वेक्षणाच्या चंदीगड मंडळाच्या कार्यालयाला किमान पंधरा दिवस आधी लिहा. पत्रात स्थळाचं नाव, तारीख आणि अंदाजे वेळ, माणसं किती आणि मुलं किती, जबाबदार व्यक्तीचा फोन आणि ‘माहिती सांगणारी व्यक्ती मिळू शकेल का’ ही विनंती, एवढं पुरे. लांबलचक प्रस्तावना नको. उत्तर येतंच असं नाही, पण पत्राची प्रत हातात असली की दारावरची बोलणी सोपी होतात.

चालू खोदकाम बघायला मिळालं तर

हे भाग्य हिवाळ्यात लाभू शकतं. उत्खननाचा हंगाम साधारण पावसाळा सरल्यानंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. खड्ड्यात काय निघालं हे विचारण्याआधी खड्ड्याची भिंत बघा. सगळी गोष्ट तिथे लिहिलेली असते.

मातीच्या रंगात आडवे पट्टे दिसतील. काळसर पट्टा म्हणजे बहुधा राख, चूल किंवा जळीत. पिवळट घट्ट माती म्हणजे चोपून केलेली जमीन. भिंतीवर खिळ्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या म्हणजे थरांचे क्रमांक, वरून खाली मोजत आलेले. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. पण मध्येच एखादा उभा खळगा सगळे थर कापत खाली गेलेला दिसला, तर तो कुणीतरी नंतर खणलेला खड्डा असतो, आणि त्यातली वस्तू खोलवर असूनही अलीकडची असू शकते. एवढं एक कळलं की ‘इतक्या खोल सापडलं म्हणजे इतकं जुनं’ या वाक्यावरचा विश्वास उडतो. तो उडालेलाच बरा.

विटा दिसल्या तर अंदाजानं माप घ्या, हात न लावता. हडप्पाकाळच्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण १:२:४ असतं. सात सेंटीमीटर जाड, चौदा रुंद, अठ्ठावीस लांब हे घरांच्या विटांचं नेहमीचं माप. राखीगढीत आणि तिकडे दूर मोहेंजोदडोतही हेच प्रमाण. मधल्या शेकडो कोसांत गवंड्यांनी एकमेकांना ते कसं कळवलं असेल, हा विचार करायला परतीचा प्रवास पुरतो.

कामावरच्या मजुरांशी बोला. बहुतेक जण आसपासच्या गावांतलेच असतात. कुदळ कुठे थांबवायची आणि ब्रश कुठे घ्यायचा, हे त्यांच्या हाताला कळतं.

खापराचा तुकडा खिशात घालायचा का?

नाही.

एखाद्या तुकड्यानं काय होतं, हा युक्तिवाद मी मोठमोठ्या माणसांकडून ऐकला आहे. खापर पडलेलं असतं त्या जागी त्याला अर्थ असतो. तुमच्या शोकेसमध्ये तो नुसता भाजलेल्या मातीचा टवका असतो. चंदीगडजवळच्या मसोलच्या टेकड्यांत २६ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर हत्याराच्या खुणा असल्याचा दावा भारतीय-फ्रेंच तुकडीनं २०१६ मध्ये मांडला. त्यावर अजून मतभेद आहेत. हे भांडण मिटवायचं तर हाडं जिथल्या तिथे राहायला हवीत, हौशी लोकांच्या पिशव्यांत नव्हे.

कायद्याचं सांगायचं तर:

- संरक्षित स्मारकाची नासधूस करणं किंवा तिथलं शिल्प, कोरीवकाम, लेख हलवणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते, हस्तलिखितं ७५ वर्षांनी. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.
- पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो.

कुठल्याही जुन्या जागी कुणीतरी हळूच जवळ येऊन मूठ उघडतं. ‘साब, असली मनका है, पाँच हज़ार साल पुराना.’ वस्तू खोटी असेल तर तुमचे पैसे गेले. खरी असेल तर विकणारा गुन्हा करतोय आणि तुम्ही त्यात सामील होताय. दोन्हींत फायदा कुणाचा ते बघा. संग्रहालयाच्या दुकानातली प्रतिकृती घ्या आणि पावती जपून ठेवा. परदेशी जाणाऱ्यांना विमानतळावर ती उपयोगी पडते. मूर्ती जुनी दिसत असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला सर्वेक्षणाकडून मिळतो, पण त्यासाठी उड्डाणाच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका.

मुलानं आधीच आणलेल्या तुकड्याचं काय? जमलं तर जिथून उचलला तिथल्या संग्रहालयात पोचवा, नेमकी जागा सांगून. रागावू नका. सगळे पुरातत्त्वज्ञ लहानपणी खिसे भरूनच घरी आलेले असतात.

आपल्याच शेतात काही सापडलं तर

सहलीच्या लेखात हा विषय कशाला, असं वाटेल. पण राखीगढी बघून आलेले गावाकडचे वाचक पहिलं हेच विचारतात.

दायमाबादचं उदाहरण घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी १९७४ मध्ये एका भिल्ल माणसाला झाडाचं खोड खणून काढताना चार कांस्यवस्तू सापडल्या. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, एकूण वजन साठ किलोंहून अधिक. मोडीत घातल्या असत्या तर काही हजार रुपये आले असते आणि दख्खनच्या इतिहासातलं एक प्रकरण कढईत वितळलं असतं.

अशा वेळी:

१. खणणं थांबवा. वस्तू धुऊ नका, घासू नका, लिंबू-चिंच तर मुळीच लावू नका.

२. जागा तशीच ठेवून फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा निदान काडेपेटी ठेवून.

३. तलाठ्यामार्फत किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कळवणं बंधनकारक आहे. लपवलंत तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

४. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्राची प्रत द्या.

आणि तुमचे हक्क:

- निधीला कुणी मालक नाही असं ठरलं आणि आपसांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो.
- जागा केंद्र-संरक्षित घोषित करायची असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस निघते. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते. ही मुदत चुकवू नका. चावडीवर लावलेला कागद कुणी वाचत नाही आणि मग वर्षानुवर्षं बोंब मारतात.
- उत्खननामुळे पिकाचं, जमिनीचं नुकसान झालं तर कलम २७ खाली भरपाई मागता येते.
- केंद्र-संरक्षित क्षेत्र झालं म्हणून शेती बंद होत नाही. एक फुटापेक्षा खोल न खणता मशागत करता येते. विहीर, शेततळं, घर यांना मात्र परवानगी हवी. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे. त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊन करता येतं.
- तुमच्या शेतातून काय निघालं, कुठे ठेवलं, अहवाल कधी येणार, हे माहितीच्या अधिकारात विचारा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्खननांचे अहवाल कधी कधी दहा-वीस वर्षं रखडतात, त्यामुळे हा अर्ज वाया जाणारा नाही.

मुलीला उत्खननात काम करायचंय, काय करावं?

स्वतः होऊन खणता येत नाही. मेटल डिटेक्टर घेऊन टेकाडावर फिरणं तर मुळीच नाही. उत्खननाला केंद्राची मंजुरी लागते आणि ती विद्यापीठं, राज्यांचे विभाग, सर्वेक्षण अशा संस्थांनाच मिळते. त्यामुळे वाट संस्थेतूनच जाते. चंदीगडला पंजाब विद्यापीठात प्राचीन इतिहास व पुरातत्त्वाचा विभाग आहे, हरियाणात कुरुक्षेत्र विद्यापीठ, आपल्याकडे डेक्कन कॉलेज. अजून पदवीला असेल तर विभागाला पत्र लिहून हिवाळ्यात एखाद्या शिबिराला भेट देता येईल का, एवढंच विचारा. पहिल्या खेपेला हातात कुदळ कुणी देणार नाही. खापरं धुऊन, वाळवून, त्यांच्यावर बारीक अक्षरात क्रमांक घालायला बसवतील, सकाळी आठपासून. दोन दिवस ते करून तिसऱ्या दिवशीही जावंसं वाटलं, तर प्रवेशअर्ज भरा.